एका वेळी चाळीस माणसे

पूल विभागात अकरा इंजिनिअर होते, पण 'पूलबाई' म्हटलं की एकच बाई डोळ्यांसमोर यायची. वय त्रेपन्न, अंगकाठी किरकोळ, चष्म्याची एक काडी तारेने आवळलेली आणि खांद्याला कायम एक जड पिशवी. पिशवीत विजेरी, तारेचा ब्रश, मोजपट्टी, खडू आणि कधीतरी घाईत कोंबलेला बिस्किटांचा पुडा, ज्याचा एव्हाना भुगा झालेला असायचा. शहरातले एकोणचाळीस छोटे पूल त्यांच्या ताब्यात होते. वारा सुटला की बाकीची माणसं खिडक्या लावून घ्यायची. बाई मनातल्या मनात पूल आठवत बसायच्या. कुठल्या पुलाचा कठडा हलतो, कुठल्याच्या पायाखालची माती नदीने ओढून नेलीय, कुठल्यावरून पोरं सायकली उडवत जातात. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. तो म्हणायचा, "अगं, पडायचा असता तर आतापर्यंत पडला असता."  पडलेला प्रत्येक पूल आदल्या दिवसापर्यंत उभाच असतो, हे त्या नवऱ्याला किती वेळा सांगणार?

घरात तिसऱ्या होत्या सासूबाई. वय एक्याऐंशी, गुडघे गेलेले, पण सिनेमाचं वेड जसंच्या तसं. त्यांच्या हिशेबी सिनेमात इंजिनिअर दोनच जातीचे. एक देखणा, डोक्यावर पिवळं हेल्मेट, काखेत गुंडाळलेला नकाशा. तो धरणाच्या भिंतीवर गाणं म्हणतो आणि काम कधी करतो ते दिसत नाही. दुसरा जाडा, सोनेरी काडीचा चष्मा. तो ठेकेदारासोबत बसून कागदावर सही करतो आणि मध्यंतरानंतर पूल पडतो.

"तू यातली कुठली गं?" सासूबाई विचारायच्या.

"यातली नाहीच आई. मी गंज खरवडणारी."

"मग तुझ्यावर काही सिनेमा निघत नाही," असं म्हणून सासूबाई पुन्हा टीव्हीकडे वळायच्या.

आणि एक दिवस साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे विभागाचे प्रमुख; एरवी कपाळाला आठ्या, त्या दिवशी मात्र चेहरा कसा फुललेला. म्हणाले, "बसा, बसा. आपल्या झुलत्या पुलावर शूटिंग आहे. मोठा सिनेमा. आणि गंमत ऐका, हीरो इंजिनिअर आहे! पुलांचा इंजिनिअर! सल्लागार म्हणून मी तुमचं नाव दिलंय."

बाई म्हणाल्या, "साहेब, झुलताच का? दुसरा एखादा दगडी दिला असता."

"दगडी पुलावर काय दिसणार? त्यांना हलणारा हवाय."

झुलता पूल नदीच्या अरुंद भागावर होता. दोन काठांवर दोन लोखंडी मनोरे, प्रत्येकाच्या पायथ्याशी दोन दारांचं फाटक, मनोऱ्यांवरून गेलेले दोन जाड दोर, दोरांना लटकवलेल्या ब्याण्णव उभ्या सळ्या, आणि त्या सळ्यांनी तोलून धरलेली लाकडी फळ्यांची वाट. पलीकडच्या काठावर शिवणाचा मोठा कारखाना होता. रोज सकाळ-संध्याकाळ कारखान्यातल्या बायका डबे सांभाळत त्यावरून जायच्या. बांधला तेव्हा पूल दोनशे माणसांचा होता. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत बाईंना सळ्यांच्या टोकाला गंज दिसला. सळी जिथे दोराला जोडलेली असते तिथे बोटाएवढी जाड खीळ असते, आणि ती खीळ सांध्याच्या आत असते. बाहेरून ब्रशने कितीही घासा, आतलं दिसत नाही. आतलं बघायचं तर सांधा खोलायचा, सांधा खोलायचा तर पूल बंद करायचा, आणि पूल बंद करायचा तर वरच्या कार्यालयाची परवानगी लागायची. बाईंनी आकडेमोड केली, मनाचं समाधान होईना म्हणून पुन्हा केली, आणि दोन्ही टोकांना पाट्या लावल्या: 'एका वेळी चाळीस माणसे'. सगळ्या सळ्या बदलण्याची फाइल वर पाठवली. ती वर गेली ती गेलीच.

दिग्दर्शक भेटायला आला. पस्तिशीतला, बोलघेवडा, माणूस म्हणून चांगला. त्याने येताना बाईंसाठी पिवळं हेल्मेट आणलं होतं. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे आहे. पांढरं."

"पिवळं पडद्यावर उठून दिसतं," तो म्हणाला. "बरं मॅडम, मला एक सांगा. पूल पडणार आहे हे इंजिनिअरला कसं कळतं?"

बाई मोकळ्या झाल्या. असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. त्या विजेरीविषयी बोलल्या, ब्रशविषयी बोलल्या, सळीवर खडूने खूण करून महिन्याने ती किती सरकली ते कसं मोजायचं ते सांगितलं. अर्धा मिलिमीटर सरकली तरी झोप कशी उडते तेही सांगितलं. दिग्दर्शकाने मान डोलावत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "छान. पण अर्धा मिलिमीटर पडद्यावर दाखवू कसा? आमचा हीरो दोराला कान लावतो. त्याला पुलाचं दुखणं ऐकू येतं."

"दोराला कान लावला तर वारा ऐकू येतो."

"फक्त वारा?"

"कारखान्याचा भोंगाही. वेळ असेल तर."

दिग्दर्शक खळखळून हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "पुलावर माणसं किती चढणार?"

"तुमची पाटी बघितलीय. चाळीस म्हणजे चाळीस."

"आणि पळायचं नाही."

"थोडं तरी पळावं लागेल हो मॅडम. पूल पडत असताना माणसं चालत कशी जातील?"

शेवटी ठरलं: वीस माणसं पळतील, एका तालात पळणार नाहीत, आणि बाई तिथे हजर राहतील. एका तालात पाय पडले की झुलता पूल झोपाळ्यासारखा झोका घ्यायला लागतो. दर पावलागणिक झोका वाढतो. बाईंनी हे सगळं परवानगीच्या कागदावर अटी म्हणून लिहिलं आणि शेवटच्या अटीखाली रेघ मारली.

सिनेमात एक वयस्कर बाई इंजिनिअरही होती, हीरोची वरिष्ठ. ती भूमिका करणारी अभिनेत्री दोन दिवस बाईंसोबत येऊन बसली. साठीची बाई, आईच्या आणि आत्याच्या भूमिका करून सगळ्यांना चेहऱ्याने ठाऊक असलेली. ती बाईंसोबत पुलाखाली उतरली, चिखलात चप्पल रुतवून घेतली, ब्रशने गंज खरवडून बघितला.

"तुम्हाला भीती वाटते का हो?" तिने विचारलं.

"रोज," बाई म्हणाल्या. "सकाळी कारखान्याच्या वेळेला तर मी घड्याळाकडे बघत बसते. सव्वानऊ वाजले की हायसं वाटतं. मग संध्याकाळची वाट बघायची."

अभिनेत्रीने हे वहीत लिहून घेतलं. म्हणाली, "हे मी वापरणार. असं बोलणारं माणूस मला अजून करायला मिळालेलं नाही."

शूटिंगच्या दिवशी सकाळी बाई मुकादमाला घेऊन साडेसहालाच पुलावर पोचल्या. मुकादम म्हणजे विभागातला सगळ्यात जुना माणूस; तीस वर्षं पुलांखाली काढलेली, कमी बोलणारा. काठावर तीन बस उभ्या होत्या आणि बसमधून माणसं उतरतच होती. बाईंनी मोजली. एकशे पस्तीस.

"हे बाकीचे काठावर उभे राहणारे," दिग्दर्शकाचा मदतनीस म्हणाला. "बघ्यांच्या भूमिकेत."

पहिल्या वेळी खरोखरच वीस माणसं पळाली. पूल थोडा डुलला आणि शांत झाला. बाईंनी मुकादमाकडे बघितलं, मुकादमाने मान हलवली. एवढ्यात साहेब आले. त्यांना हीरोसोबत फोटो काढायचा होता. "चला हो, चहा घेऊ. सकाळपासून उभ्या आहात." बाई नको म्हणत होत्या, पण साहेबांनी हात धरून नेण्याचंच बाकी ठेवलं होतं. तंबूत शिरल्या, हातात कप आला, आणि बाहेर ढोल वाजायला लागला. धम्, धम्, धम्, धम्. एकसारखा ठेका.

बाईंनी कप खाली ठेवला की टाकला हे त्यांना नंतरही आठवलं नाही. बाहेर येऊन बघतात तो पुलावर माणसंच माणसं. दोन्ही टोकांनी शंभरेक जण सोडलेले, ढोलाच्या तालावर पळणारे, आणि पूल डावीकडे-उजवीकडे झोके घेत होता. काठावरचा कॅमेरा उंचावरून सगळं टिपत होता. मुकादम मनोऱ्यापाशी दोन्ही हात वर करून ओरडत होता, पण ढोलापुढे त्याचा आवाज कोणाला जातोय!

बाईंनी मदतनिसाच्या हातातला भोंगा हिसकावला आणि तशाच पुलावर शिरल्या. "थांबा! थांबा! पळू नका! बसा! आहात तिथे खाली बसा!"

पुढचे बसले. मागचे त्यांच्यावर आपटले, मग तेही बसले. ढोल थांबला. शंभर माणसं फळ्यांवर उकिडवी बसलेली आणि पूल अजून हलतोय, हळूहळू, जसा एखादा पाळणा थांबताना हलतो तसा. कुठूनतरी बारीक करकर ऐकू येत होती. बाईंनी आवाज सपाट ठेवला. "आता टोकाकडचे पाच उठा. चालत जा. धावू नका. नंतरचे पाच." अशी दोन्ही बाजूंनी पाच-पाच करत माणसं उतरवायला पंचवीस मिनिटं लागली. बाई सगळ्यांत शेवटी उतरल्या.

दिग्दर्शक धावत आला. चिडला असेल असं बाईंना वाटलं होतं, पण त्याचे डोळे चमकत होते. "मॅडम, काय शॉट मिळालाय! खरी भीती! ही कोणाला सांगून करता येत नाही!"

 बाईंनी तिथेच उभ्या उभ्या परवानगी रद्द केल्याचं लिहून दिलं. साहेब म्हणाले, काही झालं तर नाही ना, मग कशाला ताणता. मुकादमाने दोन सळ्या थोड्या वाकलेल्या दाखवल्या. गोदामात होत्या त्यातल्या दोन नव्या घालून पूल तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाला. त्या दोन सांध्यांतल्या खिळा बऱ्या निघाल्या, पण बाकीचे नव्वद सांधे बंदच राहिले. बाईंनी वर आणखी एक पत्र धाडलं. त्याचंही उत्तर आलं नाही.

सात महिन्यांनी सिनेमा लागला. सासूबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवून तिघं दुपारच्या खेळाला गेली. पहिल्या तासात हीरोने दोनदा गाणं म्हटलं. मग झुलता पूल आला, आणि बाई खुर्चीच्या कडेवर सरकून बसल्या. पडद्यावर पूल डुलत होता, माणसं किंचाळत होती, आणि ती माणसं नाटक करत नव्हती. मध्येच ती अभिनेत्री दिसली. तारेने आवळलेल्या काडीचा चष्मा, खांद्याला पिशवी, हातात भोंगा. "थांबा! थांबा! परवानगी नाही! आधी फॉर्म भरा!" ती ओरडायची आणि पिशवीतून बिस्किटांचा भुगा सांडायचा. सगळं थिएटर हसलं. हीरोने तिला हलकेच बाजूला सारलं, दोराला कान लावला, डोळे मिटले, मग एका बोल्टवर हातोड्याचा एकच घाव घातला आणि पूल जागच्या जागी स्थिर झाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

सासूबाईही हसल्या होत्या. मग त्यांचं हसू हळूच मावळलं. त्यांनी अंधारात सुनेकडे बघितलं आणि विचारलं, "ही तू आहेस का गं?"

नवऱ्याने बाईंचा हात धरला. त्याला वाटलं बाईंना लागलं असेल. लागलं होतंच, बिस्किटांचं तर त्यांनी कोणाला सांगितलंही नव्हतं, त्या अभिनेत्रीने आपल्या डोळ्यांनी टिपलं असणार. पण त्या क्षणी बाईंच्या डोक्यात निराळंच सुरू होतं. ज्याने त्याने हे बघितलं. शंभर माणसं पळाली तरी पूल टिकतो, हे बघितलं. आता लोक येणार.

आणि लोक आले. पहिल्या रविवारी पन्नास-साठ, दुसऱ्या रविवारी त्याच्या दुप्पट. पोरं-पोरी मोबाइल घेऊन यायची, एक जण काठावरून चित्रण करायचा आणि दहा-पंधरा जण तालात उड्या मारायचे. कोणी दोराला कान लावायचं, कोणी चपलेने बोल्टवर घाव घालायचं. बाई आणि मुकादम सकाळपासून एकेका टोकाला उभे. बाई "थांबा" म्हणाल्या की पोरं खूश. "अरे, तीच! तीच बाई! काकू, फॉर्म द्या ना!" हसायची, पण थांबायची, एवढं खरं. दुसऱ्या टोकाला मुकादमाचं मात्र कोणी ऐकायचं नाही.

बाईंनी साहेबांकडे पहारेकरी मागितले. साहेब म्हणाले, "लोक येतायत हे चांगलंच आहे. शहराचं नाव होतंय. तुमचा पाटीचा आकडा आहे ना, तो पाळायला लावा."

"साहेब, मी चाळीसचा आकडा काढला तो आतल्या खिळा बऱ्या असतील असं धरून. त्या बऱ्या आहेत का हे मला माहीत नाही."

"मग उगीच घाबरता कशाला? वाईट आहेत हेही माहीत नाही ना?"

आठवडाभर बाईंचा जीव टांगणीला लागला होता. जेवताना घास हातातच राहायचा. शेवटी त्यांनी त्या अभिनेत्रीला फोन लावला.

पलीकडून आवाज आला तो ओशाळलेला. "तुम्ही रागावला असाल. अहो, मी तसं केलं नव्हतं. तुमचं ते सव्वानऊचं मी मनापासून बोलले होते, पूर्ण पान होतं. कापलं त्यांनी. बिस्किटं मी केली, ते खरंय. हसू येईल असं वाटलं होतं, पण एवढंच ठेवतील असं..."

"रागाचं नंतर बघू," बाई म्हणाल्या. "आधी एक काम आहे. रविवारी या आणि लोकांना सांगा, पळू नका म्हणून. तुमचं ऐकतील."

अभिनेत्री कबूल झाली. पण ती येणार ही बातमी कशी कोण जाणे फुटली, आणि रविवारी दहा वाजता काठावर तीनेकशे माणसं जमली. बाईंना वाटलं होतं, मदत येतेय. आली ती गर्दी. अभिनेत्री मनोऱ्याच्या पायथ्याशी उभी राहून बोलायला लागली, पण मागच्यांना ना ती दिसत होती, ना ऐकू येत होती. मागचे पुढच्यांना ढकलायला लागले आणि पुढचे सरकत सरकत पुलावर. गर्दी याच टोकाला म्हणून मुकादमही इकडेच होता; त्याने आडवी लावलेली साखळी तुटली. बाई मोजायला लागल्या. पन्नास. सत्तर. आकडा मनातच अडखळला. भोंगा नव्हता, आणि असता तरी काय होणार होतं? या गर्दीला त्यांचं ओरडणं म्हणजे सिनेमातला विनोद.

त्या माणसांमधून घुसत अभिनेत्रीपाशी पोचल्या आणि तिच्या कानाशी म्हणाल्या, "बोलू नका. चालायला लागा. पुलापासून लांब. लोक तुमच्या मागे येतील."

अभिनेत्रीने एकदा पुलाकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला, पण क्षणभरच. मग ती एवढं मोकळं हसली की जवळच्यांनी मोबाइल वर केले. "इथे काय उन्हात उभं करता मला? चहा पाजणार की नाही कोणी?" असं म्हणत ती रस्त्याला लागली. गर्दी वळली. ती पुढे, माणसं मागे, तोंडाचा पट्टा एकसारखा चालू, आणि साठीची ती बाई चढावर एकदाही न थांबता पार बसच्या थांब्यापर्यंत गेली.

पुलावर राहिलेले तिला गाठायला धावणार, हे बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी सांगायच्या आधीच मुकादमाने फाटकाचं एक दार ओढून घेतलं आणि दुसऱ्यात स्वतः आडवा उभा राहिला, म्हणजे एका वेळी एकच माणूस निघेल. कोणी शिव्या घातल्या, कोणी धक्का दिला. तो हलला नाही. पूल डुलत होता. बाई मनोऱ्याला हात टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या तळहाताला लोखंडातली थरथर लागत होती.  शेवटचा माणूस उतरला. काहीही झालं नाही.

बाईंनी फाटकाला कुलूप लावलं. मग लांबच्या रस्त्याने रिक्षाने पलीकडे जाऊन तिकडच्या फाटकालाही लावलं, आणि खडूने दोन्हीकडे लिहिलं: पूल बंद.

सोमवारी साहेब कडाडले. "कोणाच्या हुकमाने बंद केलात?"

"माझ्या."

"तुम्हाला तो अधिकार नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. "पण किल्ल्या माझ्याकडे आहेत."

बाईंना लेखी जाब विचारणारं पत्र आलं. कारखान्यातल्या बायकांना चार किलोमीटरचा वळसा पडला. एक दिवस त्यातली एक वयाने मोठी बाई विभागात येऊन सगळ्यांदेखत बोलून गेली, "तुम्ही खुर्चीत बसून कुलपं लावता आणि पाय आमचे तुटतात. पोरांनी उड्या मारल्या, शिक्षा आम्हाला!"  बाई एवढंच म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." कारखान्याच्या मालकाने वर तक्रार केली, तक्रारीवर बैठक झाली, आणि बैठकीत कोणाला तरी सळ्यांच्या फाइलची आठवण झाली. मुकादम म्हणाला, "मॅडम, पूल चालू होता तेव्हा फाइल बंद होती. पूल बंद झाला तशी फाइल चालू झाली." तीस वर्षांत तो पहिल्यांदाच एवढं लांब वाक्य बोलला असेल.

पुलाच्या मध्याजवळून सळ्या उतरवायचं काम सुरू झालं. पहिल्या आठ सांध्यांतल्या खिळा ठीक निघाल्या. बाईंना वाटलं, आपण उगीचच जिवाला घोर लावून घेतला. आणि खरं सांगायचं तर त्यांना थोडं वाईटही वाटलं. नववी खीळ मुकादमाने हातात घेतली आणि ती तिथेच दोन तुकडे झाली. आतून नुसता तांबडा भुगा. दहावीही तशीच. अकरावी, बारावी. ऐन मध्यावरच्या लागोपाठ चार. सगळ्या ब्याण्णव खोलून झाल्या तेव्हा अशा सव्वीस निघाल्या.

मुकादम म्हणाला, "मॅडम, तुमचं खरं निघालं."

बाई काठावरच्या दगडावर बसल्या. त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि मधल्या चार सळ्या नाहीतच असं धरून आकडेमोड केली. आकडा बघून पुन्हा केली. मग कागद मुकादमासमोर धरला.

"माझं खरं नाही निघालं, मुकादम. हे बघा. चाळीससुद्धा जास्त होते. बारा फार तर. रोज सकाळी मी चाळीस बायका यावरून जाऊ दिल्या, आणि सव्वानऊला हायसं वाटून घेतलं."

 मुकादमाने आपली पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. 

जाबाला उत्तर द्यायचं होतं. साहेबांनी बोलावून मवाळपणे सांगितलं, "आता सगळं तुमच्या बाजूने आहे. सव्वीस खिळा तुटक्या निघाल्या, वेळीच बंद केला, एवढं लिहा. पत्र मागे घेतो मी." बाईंनी उत्तर घरी बसून लिहिलं. पूल परवानगीशिवाय बंद केला हे खरं, असं लिहिलं. पण चूक ती नव्हे. गंज दिसला त्याच दिवशी, जवळजवळ तीन वर्षांपूर्वीच, तो बंद करायला हवा होता आणि सांधे न खोलता मी चाळीसचा आकडा दिला, ती माझी चूक, असंही लिहिलं. नवऱ्याने वाचलं. म्हणाला, "हे दिलंस तर बढती गेली."

"जाऊ दे."

सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "काय लिहिलंय, मला वाचून दाखव." बाईंनी सगळं वाचून दाखवलं, आकड्यांसकट. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं. त्यांना बरंचसं कळलं नसेल, पण मध्ये एकदा त्यांनी थांबवून विचारलं, "बारा? आणि त्या बायका रोज जायच्या?" बाईंनी मान हलवली.  सासूबाई म्हणाल्या, "दे ते पत्र. आणि आता दोन घास खाऊन घे."

बढती खरोखरच गेली. ती एका तरुण इंजिनिअरला मिळाली; माणूस बरा होता. पत्राच्या शेवटी बाईंनी एक मागणीही लिहिली होती, की लटकत्या आणि लोखंडी पुलांचे सांधे वर्षातून एकदा खोलून बघावेत. ती मात्र, कोणी विशेष वाद न घालता, मंजूर झाली. झुलत्या पुलाच्या सगळ्या सळ्या नव्या बसल्या. पुलावर वाळूची पोती रचून दोनशे माणसांचं वजन अख्खा दिवस ठेवलं. पूल जेवढा खाली गेला तेवढाच पोती काढल्यावर वर आला. उद्घाटनाला साहेबांनी सिनेमाचा उल्लेख करून भाषण केलं. कारखान्याची पाळी सुटली तशा बायका बोलत-हसत पुलावरून घरी गेल्या. भाषण ऐकायला कोणी थांबलं नाही.

पुढच्या सोमवारी बाई आणि मुकादम कालव्यावरच्या लोखंडी पुलापाशी होते. फाटक अर्धं ओढलेलं, सांधे खोलण्याचे पाने आणि तेलाचा डबा खाली मांडलेला. दूधवाला सायकल आडवी लावून हुज्जत घालत होता, की हा पूल तर ठणठणीत आहे, काल रात्री ट्रक गेला यावरून.

"ट्रक गेला?" बाईंनी दचकून विचारलं. "कोणता? केवढा?" आणि त्याला वळशाचा रस्ता दाखवता दाखवता त्या खडू घेऊन गुडघ्यांवर बसल्या.